लाल्याची हांडी

“सासूचाच माल वापस पाठवते! असी सून मी कुठं पाह्यली नाई!”

कारखान्याच्या फाटकात उभ्या असलेल्या टेम्पोवर धनवंताबाईंनी हात आपटला. सकाळी उतरवलेले मक्याचे अकरा कट्टे ओमेश ड्रायव्हर पुन्हा चढवत होता. फुलचूरच्या या कारखान्यात कुत्र्यांचं पाकिटातलं खाणं बनायचं, आणि येणारा दाणा घ्यायचा की नाही, ते त्यांची सून रीता ठरवायची. आज तिनं घरचाच मका नाकारला होता.

“आई, हळू बोला. लोक पाहून राहिले.”

“पाहू दे. दवनीवाड्यात चाळीस वर्सं झाली, माया घरचा दाणा कोणी फिरवला नाई. अन् हे कुत्र्याइचं जेवण! त्यात एवढा सोवळेपणा कायले?”

त्यांनी एका कट्ट्याची शिवण बोटानं उसवली. मूठभर मका तळहातावर घेतला, फुंकर मारली, वास घेतला, एक दाणा दाढेखाली फोडला. दुसरीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं त्यांनी. पण दाण्याची पारख त्यांच्या हाताला होती, आणि गाव ती मानत होतं.

“कटकन वाजते. वास नाई. कापणीत पाण्यानं भिजला, कबूल. पण चार दिवस उन्हात पसरवला मी. काळे, बुरशीचे दाणे एकेक निवडून बाजूले काढले. आणखी काय आरती करू त्याची?”

“मुठीतला मका तसाच ठेवा,” रीता म्हणाली. “अन् चला माया संगं.”

आतल्या लहान खोलीच्या खिडकीवर काळं कापड ठोकलेलं होतं. टेबलावर एक थाळी होती. धनवंताबाईंनी मूठ तिच्यात रिकामी केली. रीतानं दाणे जरासे भरडून पसरले आणि दार लावलं. भर दुपारी मिट्ट काळोख झाला. बटणाचा आवाज आला आणि जांभळा उजेड पडला.

आधी धनवंताबाईंच्या पदराचा पांढरा काठ निळा पेटला. त्या दचकून मागं सरल्या. मग त्यांची नजर थाळीवर गेली.

बहुतेक दाणे काळसर, निजलेले होते. पण मधूनमधून, फुटलेल्या दाण्यांच्या कडेला, हिरवट पिवळा उजेड होता. इथं एक, तिथं दोन, कोपऱ्यात चार. रानाच्या वाटेनं बैलगाडीतून जाताना बॅटरी मारली की झाडीत चितळांचे डोळे असेच उजळायचे. आपण त्यांना पाहण्याआधीच ते आपल्याकडं पाहत असायचे.

धनवंताबाईंनी नकळत चपला काढल्या. पदर डोक्यावर ओढून घेतला.

“हे... माया हातात होतं?”

“हो.”

“मले दिसलं काऊन नाई?”

“कोणालेच दिसत नाई, आई. बुरशी वरून पुसली तरी तिचं विष आत राहते. दिव्यानं नुसता संशय येते. मग दाणा दळून तपासाच्या पट्टीवर पक्कं पाहतो आमी. सकाळी पाह्यलं. तुमच्या मालात लई जास्त निघालं.”

धनवंताबाईंनी एक बोट थाळीकडं नेलं आणि मध्येच थांबवलं. दाढेखाली फोडलेल्या दाण्याची चव अजून जिभेवर होती. गोडच होती.

“शिजवलं तर मरत असन.”

“नाई मरत.”

“दोन घंटे चुलीवर ठेवलं तरी?”

“तरी नाई.” रीताचा आवाज खाली आला. “कुत्र्याचं काळीज, म्हंजे लिव्हर, खराब होते त्यानं. आधी ते खाणं सोडते. मग उलट्या. मग डोळे, हिरड्या पिवळ्या पडते.”

थाळीतले दाणे तसेच पाहत राहिले.

निवडून बाजूला काढलेलं वाया कशाला घालवायचं? जनावराइले चालते, असं त्यांची सासू म्हणायची, त्याही म्हणायच्या. मागच्या साली तेच दाणे रोज घरच्या कुत्र्याच्या, लाल्याच्या, हांडीत पडत. लाल्यानं हांडीला तोंड लावणं सोडलं, तेव्हा नखरे करतो म्हणून त्यांनी मान धरून घास भरवला. तो गेला त्या दिवशी शेजारचा केवलराम खड्डा खणायला कुदळ घेऊन आला होता. लाल्याच्या भुंकण्यावरून त्याचं भांडण होतं. “विष घालून आता माती द्याले आला का?” त्या सगळ्या आळीसमोर ओरडल्या होत्या. केवलराम कुदळ खांद्यावर टाकून परत गेला. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं.

“तुले लाल्याचं माईत होतं?”

“इथं कामाले लागल्यावर समजलं.”

“सांगितलं काऊन नाई?”

“तुमी ऐकलं असतं?”

धनवंताबाईंनी चपला पायात घातल्या. बाहेर येऊन त्या ओमेशला एवढंच म्हणाल्या, “कट्टे गोठ्याकडं नको उतरवू. कोंबडीच्याही तोंडी लागू देऊ नको. मी आल्यावर खड्ड्यात घालू.”

पाच वाजेपर्यंत त्या फाटकाजवळच्या बाकावर बसून राहिल्या. नंतर सुनेच्या स्कूटीवर मागं बसल्या. दवनीवाडा आला. आळीत वळल्यावर त्यांनी रीताच्या खांद्यावर दोनदा थाप मारली.

“इथं थांबव.”

“घर पुढं आहे, आई.”

“मले ठाऊक आहे घर कुठं आहे.”

त्या उतरल्या. केवलराम अंगणात सायकलची साखळी बसवत होता. त्यानं मान वर केली आणि तेलाचे हात तसेच ठेवून उभा राहिला. धनवंताबाईंनी त्याच्या लाकडी फाटकाची कडी हातात धरली, पण उघडण्याआधी त्या सुनेकडं वळल्या.

“तुयं वागणं मले पटत नाई, रीता. आजही पटलं नाई. पण लाल्याची हांडी तुया हातात असती, त लाल्या जिता असता.”