कोपरीच्या हॉलमधली जोड्यांची अदलाबदल

गोमाजीशेठनी कोपरीतल्या आपल्या लग्नाच्या हॉलवर कॉम्प्युटर आणला, तो ब्याण्णव सालच्या दसऱ्याला. त्याच उत्साहात बुकिंगच्या जुन्या वह्या त्यांनी रद्दीवाल्याला देऊन टाकल्या. "आता सगला हिच्या डोक्यान," असं ते येईल त्याला सांगायचे. ही म्हणजे मशीन की ते चालवणारी शालन, ते मात्र कुणाला कळायचं नाही.

शालन डोंबिवलीची. कॉम्प्युटरचा कोर्स केलेली आणि त्याबद्दल थोडा ताठा असलेली. वरपक्षाची माहिती एका फाइलीत, वधूपक्षाची दुसऱ्या, आणि दोघांना जोडणारा एकच नंबर, अशी मांडणी तिनं स्वतः केली होती. रोज घरी जाताना ती दोन्ही फाइली फ्लॉपीवर उतरवून घ्यायची. त्या फ्लॉप्या परत मशीनवर चढतात की नाही हे मात्र तिनं कधी करून पाहिलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती.

वेळ आली ती ऐन लग्नसराईच्या तोंडावर. सकाळी मशीन चालू केलं तर आतून सुपारी कातरल्यासारखा आवाज आला आणि डिस्क बसली ती बसलीच. नवी डिस्क घातल्यावर शालननं फ्लॉप्या काढल्या. वरांची फाइल व्यवस्थित चढली. वधूंची फ्लॉपी वाचलीच जाईना. शेवटी ड्रॉवरच्या तळाशी वधूंची एक जुनी फ्लॉपी सापडली, ती चढली. पडद्यावर जोड्या दिसायला लागल्या आणि शालननं हुश्श केलं.

त्या गडबडीत एक गोष्ट ती साफ विसरली. ती जुनी फ्लॉपी भरल्यानंतर तिनं सगळी यादी आडनावांप्रमाणे लावून प्रत्येकाला नवा नंबर दिलेला. म्हणजे वरांचे नंबर नवे आणि वधूंचे जुने, आणि नंतर नोंदवलेल्या वधू तर त्यात नव्हत्याच.

दाराशी लावायचा बोर्ड जगन पेंटर कॉम्प्युटरच्या छापील कागदावरून रंगवायचा. पहिल्याच लग्नाला त्यानं सुबक अक्षरांत रंगवलं, 'चि. चंदू आणि चि. सौ. कां. भागीरथी'. नवरी होती सगुणा.

"ही भागीरथी कोण रे?" चंदूच्या मावशीनं भर दारात विचारलं.

खरं तर चंदूनं हसायला हवं होतं. पण त्याच्या ऑफिसात खरोखरच एक भागीरथी होती, त्यामुळे त्याचा चेहरा खर्रकन उतरला, आणि तो उतरलेला सगुणाच्या भावांनी पाहिला. भांडण मिटवून पुढचा मुहूर्त गाठेपर्यंत भटजींचा घसा बसला.

"काय गो शालन, ह्यो काय घोल घातलास?" गोमाजीशेठ कपाळाला हात लावून बसले.

शालननं नंबर ताडून पाहिले. एकही जोडी खरी नव्हती. "शेठ, फाइली दोन वेगवेगळ्या वेळच्या आहेत. कुणाचं लग्न कुणाशी, हे आता मशीनला माहीत नाही."

"मंग कोनाला म्हायती?"

"ज्यांची लग्नं आहेत त्यांना!"

म्हणून रविवारी सकाळी सगळी वऱ्हाडं हॉलवर बोलावली. शालन माइकवर वराचं नाव पुकारायची, वधूकडच्यांनी हात वर करायचा, की ती नंबर दुरुस्त करायची. थोड्याच वेळात शाळेतल्या हजेरीसारखा गलका सुरू झाला. एका नवरदेवाच्या नावाला दोन कुटुंबांनी हात वर केले. दगडू नावाचे दोघे होते. एक आजोबा ऐकू कमी येत असल्यानं प्रत्येक नावाला "आमचाच, आमचाच" म्हणत उठत होते.

"चिरंजीव तानाजी!" शालननं पुकारलं.

हात वर झाला नाही. दुसऱ्या रांगेतली एक मुलगी मात्र उठून थेट टेबलापाशी आली. कलावती, तानाजीशी लग्न ठरलेली. तिचे वडील मागून "अगं, बस खाली," करत होते.

"ताई," ती हळूच म्हणाली, "माझं नाव मशीनमधनं गेलंय ना? गेलं तर गेलं. राहू दे तसंच."

शालनला क्षणभर मोह झाला. नंबर भरलाच नाही की झालं. पण चुकून गेलेलं नाव उद्या कुणीही परत घालू शकतं, हे ती आठवडाभर शिकत होती.

"गेलेलं परत येतं गं," ती म्हणाली. "रद्द करायचं तर तुलाच सांगावं लागेल. मोठ्यानं."

कलावतीनं माइक आपल्याकडे ओढला. "मला हे लग्न करायचं नाही. बाबांना चार वेळा सांगितलं, ते ऐकत नाहीत. आता सगळ्यांनी ऐकलं."

वडील मटकन खुर्चीत बसले. सगळ्यांनी तानाजीकडे पाहिलं, तर त्याचा चेहरा फुललेला. "मीपण घरी हेच सांगत होतो," तो म्हणाला. त्याच्या आईनं त्याला एक चापट दिली आणि ती गोमाजीशेठकडे वळली. "तारीख मात्र आमचीच ठेवा हो. मुलगी बघतो आम्ही."

दुपारी हॉल रिकामा झाल्यावर शालननं दोन्ही फाइली एकदमच उतरवल्या, आणि शेजारच्या कॉम्प्युटर क्लासमधलं मशीन मागून त्या तिथे परत चढवून बघायला बसली.

"आता काय करतंस?" शेठनी दारातून विचारलं.

"जोड्या लागतात का बघते."

कलावती घरी गेली नव्हती. वडिलांचा राग जरा निवू दे, म्हणून ती शालनशेजारी स्टूल घेऊन बसली, आणि एकेक नवरा-नवरी मोठ्यानं वाचून दाखवू लागली.