चार वाजता उडी मारणारे चिन्ह

थंडी ओसरू लागलेल्या महिन्यातील दुसऱ्या रविवारी, दुपारी पावणेचार वाजता, आमच्या चार मजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, डाव्या हाताच्या बिऱ्हाडातील समोरच्या खोलीत सतरा माणसे एका संगणकाकडे टक लावून बसली होती. अठरावा मी. खुर्च्या सहाच असल्यामुळे उरलेल्यांनी पलंग, शिवणयंत्राचे स्टूल आणि जमीन वाटून घेतली होती.

हे बिऱ्हाड एका आरेखकाचे. इमारतींचे नकाशे काढणारा हा गृहस्थ आठ महिन्यांपूर्वी वारला. मागे राहिल्या त्याच्या पत्नी, ज्यांना आम्ही सारे वहिनी म्हणतो, आणि त्याचा संगणक. पूर्वी त्या टेबलावर शेजारी शेजारी दोन पडदे असत. उजवीकडचा कचेरीच्या मालकीचा होता. तो कचेरीने परत नेला.

संगणकाजवळ उभा असलेला इसम स्वतःला तरंगशास्त्री म्हणवीत असे. अंगात पांढरा सैलसर कोट, डावा हात छातीवर, उजवा खिशात.

"हा यंत्राचा पडदा नव्हे," तो म्हणाला, "हे सूक्ष्म स्पंदनांचं द्वार आहे. देहाचा ऋणभार गळतो आणि चैतन्याचा धनभार जिथे माणसाचा जीव अडकला होता तिथे साकळतो. विज्ञानानंही हे मान्य केलंय."

कोणत्या विज्ञानाने, हे त्याने सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही.

पडद्याच्या तळाशी कार्यक्रमांच्या, म्हणजे प्रोग्रामांच्या, चिन्हांची जी ओळ असते, तिला डॉक म्हणतात. आरेखकाच्या डॉकमध्ये नऊ चिन्हे होती. तरंगशास्त्र्याने नियम सांगितला : पहिले चिन्ह फुगले तर होकार, शेवटचे फुगले तर नकार. वहिनींचा माऊस वायरसह सर्वांसमोर टेबलावर पडला होता. त्याला कोणाचा हात लागत नव्हता.

"विचारा, ताई."

वहिनी पुढे सरकल्या. "मुलीला तीन आठवड्यांत बाळ होणार आहे," त्या पडद्याला म्हणाल्या. "जावई जहाजावर. ती एकटी आहे, रोज फोन करते. जाऊ का मी तिच्याकडे?"

क्षणभर काही झाले नाही. मग शेवटचे चिन्ह हळूच दुप्पट झाले. खोलीतून एकच हुंकार उठला.

"नको म्हणतात," तरंगशास्त्री म्हणाला. "वर्षभर घराला कुलूप नको, यंत्र बंद व्हायला नको, आणि दर रविवारी इथे बैठक हवी. नाहीतर द्वार मिटलं."

वहिनींनी मान डोलावली. ती मान पाहून मला राहवले नाही. ह्या माणसाला बैठकीसाठी फुकटची खोली हवी होती, आणि त्यापायी एक मुलगी परक्या गावात एकटी बाळंत होणार होती.

मी निवृत्त मुद्रितशोधक. खाली दुसऱ्या मजल्यावर एकटाच राहतो. माझ्याही संगणकावर असाच डॉक आहे. बोलायला कोणी नसले की माणूस काहीतरी हाताळत बसतो. मी त्या ओळीची चिन्हे बदलतो, ती डावीकडे नेतो, पुन्हा तळाशी आणतो, रंग फिके करतो. त्यामुळे मला एक गोष्ट पक्की ठाऊक होती : माऊसचा बाण ज्या चिन्हावर जातो ते चिन्ह फुगावे अशी सोय डॉकमध्येच असते. आणि बाण पडद्याच्या अगदी तळाला टेकवला तर त्याचे फक्त टोक दिसते. सहा हातांवरून तेही दिसत नाही.

"शास्त्रीबुवा," मी म्हणालो, "एकदा दोन्ही हात वर करून प्रश्न विचारा पाहू."

"स्पंदनं परीक्षा सहन करत नाहीत."

"हात तर करतील?"

"काका, तुमची चुका काढायची खोड काही जात नाही," समोरच्या बिऱ्हाडातल्या शिकवणीच्या बाई कुरकुरल्या.

"खोड नव्हे बाई, चाळीस वर्षं पगार मिळाला त्याचा."

दोघेचौघे हसले. बाई मात्र एकदम थांबल्या आणि डोळे बारीक करून म्हणाल्या, "अहो, यांच्या खिशात दिवा लागलाय!"

पांढऱ्या कापडातून लाल उजेड खरोखरच झिरपत होता. मी संगणकाच्या मागे हात घालून चाचपले; नखाएवढा एक तुकडा तेथे खोचलेला होता, तो उपटून काढला. "आता फुगवा." चिन्हे जागची हालली नाहीत. बाईंनी खिशातला हात बाहेर ओढला, तसा बिनतारी माऊस जमिनीवर पडला. त्याचे इशारे तो तुकडा संगणकाला पोचवीत होता; खिशातल्या खिशात मांडीवर माऊस सरकवून हा माणूस मेलेल्याकडून उत्तरे वदवीत होता.

गलका झाला. पण तरंगशास्त्री डगमगला नाही. "प्रश्नोत्तरं मी लोकांच्या समाधानासाठी करतो, कबूल. पण चार वाजता काय होतं ते ताईंनाच विचारा. ते मी येण्याच्या आधीपासून होतंय."

"खरं आहे ते," वहिनी हळूच म्हणाल्या. "हे गेल्यापासून रोज होतं. म्हणून तर मी बंद करत नाही."

चारला एक मिनिट कमी होते. आम्ही थांबलो. ठीक चार वाजता डॉकमधले पाचवे चिन्ह उडाले. पुन्हा उडाले. माऊसला कोणी शिवले नव्हते, तुकडा माझ्या मुठीत होता, आणि ते लहानसे चिन्ह बोलावल्यासारखे उड्या मारीत होते. कबूल करतो, माझ्याही अंगावर काटा आला.

"पाहिलंत?" वहिनी म्हणाल्या. त्या आवाजात जो आनंद होता तो ऐकून मला प्रथमच वाटले की आपण गप्प बसावे. पण गप्प बसण्याची किंमत त्यांच्या मुलीने द्यायची होती.

मी खुर्ची ओढून बसलो. एखाद्या कार्यक्रमाला आपले लक्ष हवे असले, की त्याचे चिन्ह उडते. म्हणजे त्याला काही सांगायचे होते. मग त्याची खिडकी कोठे होती? मी चिन्हावर टिचकी मारली. काही उघडले नाही. पुन्हा मारली, तेच. मग रिकाम्या उजव्या बाजूकडे माझे लक्ष गेले आणि उलगडा झाला. खिडकी उघडत होती, पण कचेरीने नेलेल्या पडद्यावर. कार्यक्रमाने आपली जुनी जागा लक्षात ठेवली होती. तेथे आता पडदाच नाही, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

कीबोर्डवरून खिडकी हलवण्याची आज्ञा दिली आणि डाव्या बाणाची कळ दाबून धरली. उजव्या कडेतून एक करडी चौकट हळूहळू आत सरकली. स्मरणपत्र होते ते. मी मोठ्याने वाचले :

"चार वाजले. तिच्या डोळ्यांत थेंब. आधी उजवा."

वहिनी उठून पडद्याजवळ आल्या.

"माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं," वहिनी म्हणाल्या. "दीड महिना थेंब घालायचे होते. हेच घालायचे. मला वाटायचं, यांना बरं लक्षात राहतं."

खाली आणखी एक ओळ होती. पुनरावृत्ती : रोज. समाप्ती : नाही. दीड महिन्यानंतरची तारीख घालायची तो विसरला होता.

तरंगशास्त्री दाराकडे सरकत होता. "भावना महत्त्वाची—" एवढेच तो म्हणाला. शिकवणीच्या बाईंनी त्याचा माऊस त्याच्या हातात कोंबला आणि जिना दाखवला. मागोमाग सारेच उठले. दहा मिनिटांत खोलीत आम्ही दोघेच उरलो.

"म्हणजे ते मला बोलावत नव्हते," वहिनी म्हणाल्या.

"नाही, वहिनी. जिवंतपणी त्यांनी स्वतःसाठी लिहून ठेवलं होतं. काळजी त्यांची खरी, उडी यंत्राची. ह्या दोन गोष्टी एक केल्या की मधल्या फटीत असा कोणी कोटवाला येऊन उभा राहतो. जे घडलं ते कसं घडलं, एवढं विचारायचं. विचारल्यानं माणसाची माया कमी होत नाही."

"सोपं आहे तुम्हांला. रोज चार वाजता मला कोणीतरी होतं."

मलाही चार वाजता कोणी नसते.

त्यांनी ती चौकट पुन्हा एकदा वाचली. मग फोन उचलून मुलीला म्हणाल्या, "तू स्टेशनवर येऊ नकोस. मी येते आपली शोधत." फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून, शिवण उसवताना दोरा तोडावा तशा स्वरात त्यांनी निकाल दिला :

"ते गेलेत. मुलगी आहे. बंद करा ते यंत्र."