कबनूरचा पीळ

प्रात्यक्षिकात मी आणि ऋतुराज दोघंही नापास झालो. पण हे झालंच नाही असं धरून चालू, कारण घरी मी अजून तसंच धरून चाललोय.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला डीएनएचं मॉडेल करायचं होतं. गुण वीस, पास व्हायला आठ. थिअरीत मी आधीच लटकलेलो, त्यामुळं वर्ष या मॉडेलवरच टिकून होतं. कॉलेज कोल्हापुरात, घर कबनूरला. माझे वडील, अप्पा, तिथं डबलिंगच्या मशीनवर, म्हणजे दोन सुतं एकत्र पिळून एक करायचं काम, अठ्ठावीस वर्षं. डीएनएही दोन धाग्यांचाच पीळ. मला वाटलं, घरचंच काम निघालं.

दोन राखाडी दोर घेतले, मधे पायऱ्या म्हणून रंगीत स्ट्रॉ. लालसमोर हिरवी, पिवळीसमोर निळी. दुसरी जोडी चालत नाही.

"सोयरीक हाय व्हय ही?" अप्पा म्हणाले. "आणि हे कुणाचं हाय म्हणालास?"

"समद्यांचं. माझं, तुमचं, शेजारच्या म्हशीचं."

"म्हशीचं आणि माझं एकच?"

"पीळ एकच. आतला मजकूर वेगळा."

अप्पा थोडा वेळ म्हशीकडं बघत बसले.

डीएनए स्वतःसारखाच दुसरा कसा करतो, तेही दाखवायचं होतं. शिडी मधोमध उसवायची, सुट्या झालेल्या प्रत्येक राखाडी दोरासमोर जोडीचे रंग लावत नवा पांढरा दोर उभा करायचा. एकीच्या झाल्या दोन. प्रत्येकीत निम्मं जुनं, निम्मं नवं.

"मग खरी कुठली?"

"दोन्ही."

"आणि पहिली?"

"पहिली आता न्हाय."

"मेली?"

"न्हाय. दोन्हीत हाय."

अप्पांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घालायचा विसरले.

राहिला पीळ. पुस्तकात लिहिलेलं, पीळ उजवा. मी शिडीच्या अलीकडं, अप्पा पलीकडं. माझा उजवा तो त्यांचा डावा. कुणाचा उजवा धरायचा, यावर दोघांचाही गोंधळ झाला. "रुद्र्या, सूत पिळायला मला शिकवू नको," म्हणून त्यांनी दोन्ही शिड्या झटक्यात पिळल्या. पीळ असा बसला की बोटानं सुटेना.

दुसऱ्या दिवशी वर्गातला ऋतुराज भेटला. त्याचं पुठ्ठ्याचं मॉडेल गगनबावड्याहून येताना भिजून लगदा झालेलं.

"तुझ्याकडं दोन हायत की," तो म्हणाला.

एक त्याला दिलं.

बाहेरून आलेल्या परीक्षक वर्षाराणी मॅडम हात न लावताच म्हणाल्या, "पीळ डावा आहे. डीएनएचा नेहमीचा पीळ उजवा असतो."

"मॅडम, तुम्ही पलीकडून बघताय."

त्या अलीकडं आल्या. पीळ डावाच. मी मॉडेल उलटं केलं. डावाच. ऋतुराज स्वतः ओणवा होऊन पायांमधून बघून आला आणि मान हलवली. शेवटी मी पार्किंगमध्ये जाऊन स्कूटरच्या आरशात बघितलं.

"आरशात बरोबर हाय, मॅडम."

"मग गुणही आरशातच बघा. पिळलं कुणी?"

"अप्पांनी. कबनूरला डबलिंगला असत्यात."

"तरीच. एकेरी सुताचा पीळ उजवा, म्हणून दुहेरीला डावा देतात. नाहीतर सूत गुंततं. आमच्याही घरी माग होते." एवढं बोलून त्यांनी ऋतुराजचं मॉडेल बघितलं. "हाही डावा. नक्कल मात्र बिनचूक झालीय."

दोघांना चार-चार गुण मिळाले.

संध्याकाळी अप्पांनी विचारलं, "काय म्हणाल्या मॅडम पिळाला?"

"बघताक्षणी वळखला," मी म्हणालो. ते खरंच होतं.

अप्पांनी ते शेजारी तीन घरांत सांगितलं. आता मॉडेल बदलायची मुदत संपलीय, आणि अप्पांचा पीळ चुकला हे सांगायला माझी जीभ वळत नाही. तेव्हा जे बदलण्यासारखं उरलंय, त्यासाठी अर्ज केलाय.

मा. परीक्षा नियंत्रक यांस,

विषय: पिळाची दिशा बदलण्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती की, सर्व सजीवांच्या डीएनएचा पीळ कबनूर येथील दुहेरी सुताच्या प्रचलित पद्धतीप्रमाणे चालू सत्रापासून, पूर्वलक्षी प्रभावाने, डावा करण्यात यावा. पहिल्या टप्प्यात अर्जदारापासून सुरुवात केल्यास अर्जदाराची हरकत नाही.