केतकी कुठे गेली, हे न पाहिलेला टीव्ही

मित्रांनो, मी आयुष्यभर दाखवत आलो आणि स्वतः काहीच पाहिलं नाही. माझी काच बाहेरच्या बाजूला आहे. तिच्यावर कोणतं चित्र उमटतं ते मला कधीच दिसत नाही. मला दिसतात फक्त समोर बसलेले चेहरे. ते हसले की मी समजतो, विनोद झाला. बायकांनी पदर तोंडाला लावला की समजतो, कुणीतरी गेलं. आवाज माझ्याच गळ्यातून निघतो, पण बोलणाऱ्याचं स्वतःच्या बोलण्याकडे कुठे लक्ष असतं?

निलंग्याजवळच्या एका गावात, शेषेरावांच्या घरात मी राहतो. पाठीला कुबड असलेला, जाड काचेचा टीव्ही. असे आता फारसे उरले नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आमच्याकडे लाइट लहरी आहे. ती गेली की मी वाक्य पुरं करत नाही, असेन तिथे थांबतो. ही सवय इथेही दिसेल. राग मानू नका.

*

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. काच एकीकडून आली, पेटी दुसरीकडून. पोटातल्या तारा बायकांनी एकेक करून डाग देऊन जोडल्या. पहिल्यांदा मला चालू केलं तेव्हा समोर त्यांचेच चेहरे होते. त्या खूप दमलेल्या होत्या आणि तरीही माझ्याकडे बघून त्यांच्या तोंडावर

*

शेषेरावांनी मला लातूरच्या गंजगोलाई बाजारातून विकत घेतलं. घरात धाकटी लेक वर्षाराणी तेव्हा नुकती चालायला लागली होती. एसटीत मला ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी मला मांडीवर घेतलं.

कंडक्टर म्हणाला, "काय मामा, लेकराचं अर्धं तिकीट काढा की."

"काढतो," शेषेराव म्हणाले, "पण उलटी केली तर तुमी पुसायची."

घरी पोचल्यावर त्यांच्या बायकोने, साखराबाईंनी, माझ्या काचेला हळदकुंकू लावलं. थोरला मुलगा शिवशंकर अँटेना घेऊन माळवदावर चढला. खाली सगळं घर माझ्यासमोर बसलं होतं.

"आलं का?"

"आलं! न्हाई, गेलं! हाव, आलं बग! तसाच थांब, हालू नकू!"

"किती वेळ थांबू?"

"बातम्या संपस्तोर!"

ती माझी उमेदीची वर्षं होती. गल्ली येऊन बसायची. शेंगांची टरफलं माझ्यासमोर पडायची. चित्र हललं की कुणीही उठून पाठीत एक धपाटा घालायचं आणि मी ताळ्यावर यायचो. लोक म्हणायचे, शेषेरावाचा टीव्ही गुणाचा.

पुढे हातोहाती मोबाईल आले. शिवशंकर नांदेडला नोकरीला लागला. सुट्टीला आला की म्हणायचा, "बाबा, हे धूड भंगारात द्या की." दिलं नाही. भंगारवाल्याने उचलून पाहिलं आणि नको म्हणाला. मला धान्याच्या कोठीमागे सरकवलं. उन्हाळ्यात माझ्यावर शेवया वाळत घालत. मला वाईट वाटलं असं म्हणायला हवं, पण खरं सांगतो, माझ्यासमोर तेव्हा भिंत होती, आणि भिंतीच्या चेहऱ्यावरून मला काहीच

*

मला पुन्हा बाहेर काढलं ते केतकीमुळे.

ही केतकी म्हणजे 'केतकी कुठे गेली?' या मालिकेतली थोरली सून. राजोपाध्ये नावाच्या घरातून ती दसऱ्याच्या सकाळी नाहीशी होते. विहिरीच्या काठावर तिची चप्पल सापडते. तिला कुणी ढकललं? दोन वर्षं हाच प्रश्न. साखराबाईंच्या मोबाईलवर एवढी गल्ली मावेना, म्हणून मला पुसून, केबलचं डबडं जोडून खुर्चीवर बसवलं.

संशय प्रत्येकीचा वेगळा होता. शेजारच्या पंचशीलाचा सासूवर, कारण तिची स्वतःची सासू तेव्हा गावातच होती. साखराबाई सासू झालेल्या, त्यांचा संशय नणंदेवर. म्हाताऱ्या महामायाबाई सीमेपलीकडच्या, कानडी मुलखातल्या. त्यांचा सगळ्यांवर.

"त्या मुनीमाचं डोळं बगा, अय्यो, मांजरावानी!"

"आजी, मुनीम मेला की गेल्या महिन्यात."

"मेला तरी डोळं तसंच हाईत."

गेल्या माघात वर्षाराणी माहेरी आली. चुलतभावाच्या लग्नाला म्हणून आली आणि राहिली. लातूरला तिचा नवरा शिवप्रसाद शिकवणीच्या पोरांसाठी मेस चालवतो. तिथला सगळा स्वयंपाक वर्षाराणीच्या एकटीच्या अंगावर होता. तिला बी.एड.चं दुसरं वर्ष पुरं करायचं होतं. स्वयंपाकाला बाई लावा, ती म्हणायची. पुढच्या साली, तो म्हणायचा. पुढची सालं येत गेली आणि जात गेली.

पोरगी घर सोडून आली, असं घरात कुणी म्हणत नव्हतं. "राहायला आलीय" म्हणायचे. केतकीची मालिका लागली की गल्लीचा एक डोळा माझ्यावर आणि एक वर्षाराणीवर. माझ्याकडे दोन्ही डोळ्यांनी बघणारी ती एकटीच. मी बंद झालो तरी बघत बसायची.

*

त्यात धोंड्याचा महिना आला. आमच्याकडे या अधिक महिन्यात जावयाला धोंड्याचं जेवण असतं. लेक आणि जावई जोडीनं पाटावर बसतात. त्यांचे पाय धुतात. त्या दिवशी ते लक्ष्मी-नारायण. नारायणाला उलट बोलायचं नाही, त्याचं म्हणणं मोडायचं नाही.

साखराबाई शेषेरावांना म्हणाल्या, "केतकीचा शेवटचा भाग शनवारी हाय. त्याच दिशी जावयाला बोलावू. गल्ली सगळी घरात असंल. चार बायांसमोर ते चल म्हणले तर पोरगी न्हाई म्हणायची न्हाई."

"अन् म्हणली तर?"

"तर तुमी हाव की."

"मी कुठं हाव? मी शेताकडं."

पोरीचा संसार मांडून द्यायला साखराबाईंना एका मालिकेचा मुहूर्त सापडला होता. वर्षाराणीला कुणी विचारलं नाही.

शनिवारी पाचच्या सुमाराला शिवप्रसाद मोटारसायकलवर आला. माणूस वाईट नाही. उन्हाने काळवंडलेला, हाताला मेसच्या भाजल्याचे डाग. पाटावर वर्षाराणी त्याच्या शेजारी बसली, पण दोघांच्या मधून ताट सरकावं एवढी जागा राहिली. साखराबाईंनी पाय धुतले, कुंकू लावलं, तुपात बुडवलेले पुरणाचे धोंडे वाढले. हळूहळू बायका जमू लागल्या.

आणि दुसरा धोंडा तोंडात असताना शिवप्रसाद सहज म्हणाला, "बघायसारखं काही न्हाई आज. सासूनंच ढकललंय तिला. मोबाईलवर सकाळीच आलाय शेवटचा भाग. मी बघून आलोय."

मी त्या वेळी बंद होतो, तरी समोरचे चेहरे बघण्यासारखे होते.

"अगं माय!" पंचशीला ओरडली. "दोन वरसं मी काय म्हणूलालते?"

साखराबाईंचा हात वाढता वाढता थांबला. दोन वर्षं त्यांनी दिवेलागणीला भाकरी थापता थापता अर्धा डोळा केतकीवर ठेवला होता. या माणसाने एका घासात सगळं संपवलं, वर सासवांच्या नावाने. पण तो आज नारायण.

"अजून एक धोंडा घ्या, जावईबापू," त्या म्हणाल्या. एवढ्या गोड आवाजात एवढ्या शिव्या मी कधी ऐकल्या नाहीत.

हात धुऊन शिवप्रसाद म्हणाला, "आता निघतो आम्ही. उजेड हाय तवर लातूर गाठू. पिशवी भर, वर्षा."

साऱ्या बायका वर्षाराणीकडे बघू लागल्या. याच क्षणासाठी धोंडे शिजले होते.

"शेवट बघते," वर्षाराणी म्हणाली.

"सांगितला की आत्ता."

"सांगितला. मी बघितला न्हाई."

तिने येणार म्हटलं नव्हतं, न येणारही म्हटलं नव्हतं. साखराबाईंनी तेवढ्यावर निभावलं. "बघू द्या हो, बापू. किती, एक घटकाभर."

शिवप्रसाद दाराशी उभा राहिला. सारखा खिशातला मोबाईल काढायचा, आत ठेवायचा.

*

सात वाजता मला चालू केलं. पंचशीलाने न मागता पाठीत धपाटा घातला.

सुरुवातीला चेहरे शांत होते. खुनी माहीत असला की माणसं खुनाकडे पंगतीत वाढप्याकडे बघावं तसं बघतात. सासू बोलू लागली असावी, कारण पंचशीला मान हलवत होती: बघा, आता कबूल करती. महामायाबाईंनी पदर तयार ठेवला. मग सगळ्यांच्या भुवया एकदम वर गेल्या आणि पंचशीलाने तोंड उघडलं आणि

*

"आली, आली लाइट! लाव लवकर!"

"काय झालं ओ मधी?"

"गप, बघू दे!"

मी गरम होईपर्यंत कुणाला दम धरवेना. चित्र उमटलं. मला कळलं ते ओठांवरून.

"जित्ती हाय की ही!"

"कोण?"

"केतकी! दुकान टाकलंय बगा, शिलाईचं. कुठलं गाव हाय ते?"

"मग ढकललं कुणी?"

"कुणीच न्हाई ढकललं. गेली. आपल्या पायानं गेली."

असा राग मी या खोलीत कधी पाहिला नव्हता. विश्वचषक हरल्यावरही नाही.

"दोन वरसं येड्यात काढलं आमाला!" पंचशीला हातातली परात आपटून म्हणाली. "एवढं बघून खून झालाच न्हाई?"

"मुनीम उगं मेला मग," महामायाबाई हळहळल्या.

साखराबाई मात्र पदराने डोळे पुसत होत्या. नणंद निर्दोष निघाली म्हणून की सासू सुटली म्हणून, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "कुणी ढकललं ते हुडकत बसले सगळे," त्या म्हणाल्या. "ती कुठं गेली ते कुणी हुडकलंच न्हाई की गं."

वर्षाराणी उठली आणि माझ्याकडे पाठ करून वळली. इतक्या महिन्यांत तिची पाठ मी पहिल्यांदाच पाहिली. आता मला समोरून दिसत होता शिवप्रसाद.

"तुमी सकाळी बघितलं म्हणलात."

"हाव."

"पुरं?"

मोबाईल खिशात घालत तो म्हणाला, "पुरं."

"मग सासूनं ढकललं म्हणून का सांगितलं?"

बायकांचे हात जागच्या जागी थांबले. माझ्यावर साबणाची जाहिरात लागली होती, ती कुणाला दिसत नव्हती.

"तू बघशील म्हणून," शिवप्रसाद म्हणाला. त्याने मान खाली घातली. "तू हे बघितलंस तर तुलाबी वाटंल, गेलं की झालं. म्हणून म्हणलं, आधीच न्यावं."

चेहरे वाचायचा माझा अनुभव मोठा आहे. हा माणूस खोटं पकडलं गेल्यामुळे लाजला नव्हता. तो घाबरला होता, आणि सकाळपासून घाबरलेलाच होता.

"वर्षा, चार माणसांत कशाला..." साखराबाई पुढे झाल्या.

"चार माणसं तूच बोलावलीस, माय."

साखराबाई होत्या तिथेच थांबल्या. वर्षाराणी नवऱ्याकडे वळली. आवाज चढवला नाही.

"मला वाटायला केतकी कशाला लागती? मी माघातच आले. तुमी तवाच इचारायचं, का गेलीस. एकदाबी फोनवर इचारलं न्हाई. कधी येतीस, एवढंच इचारलं."

"मग इचारतो की आता."

"आता सांगते. पुढल्या महिन्यात बी.एड.ची परीक्षा हाय. मेसला बाई लावा. परीक्षा झाली की मी येईन, माझी मी येईन. न्यायला येऊ नका. अन् न्हाई आले, तर शेवट तुमी सकाळीच बघितलाय."

दारात शेषेराव उभे होते. शेताकडे गेलेला माणूस केव्हा येऊन उभा राहिला ते कुणालाच कळलं नव्हतं. जावयाच्या खांद्यावर हात ठेवून ते त्याला मोटारसायकलपर्यंत सोडायला गेले. पंचशीलाने उठून माझा खटका दाबला.

*

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी उपदेश करायचा असतो. माझ्या काचेवरची धूळ पुसा, मला भंगारात देऊ नका, असं मी म्हणायला हवं. म्हणत नाही. माझी मालिका संपली, गल्ली पांगली, दुसरी मालिका कुणाला आवडेना. परत कोठीमागे जायची वेळ आली आहे. त्याचं विशेष काही वाटत नाही. मी बरंच दाखवलं.

एवढंच सांगतो. एखाद्या गोष्टीचा शेवट तुम्ही आधी पाहिला असेल, तर ज्याने पाहिला नाही त्याला सांगू नका. सांगायचाच असेल तर खरा सांगा.

शिवप्रसादने मेसला बाई लावली आहे, असं पंचशीला म्हणते. लावली नाही, असं महामायाबाई म्हणतात. वर्षाराणी लातूरला जाणार की नाही, यावर गल्लीत रोज अंदाज चालतात, कधी ओट्यावर, कधी नळावर. कुणी म्हणतं जाईल, कुणी म्हणतं कशाची जाते. मला माहीत नाही. मित्रांनो, तुम्हालाही माहीत नाही. अंदाज करू नका, तिला विचारा. ती आतल्या खोलीत अभ्यासाला बसलेली असते. दार उघडंच असतं.