वाढणारीचं जेवण

माझ्या हातचं न खाणारा माणूस मला आवडत नाही, सरळ सांगते. मग तो सासरा का असेना.

मामंजी, म्हणजे माझे सासरे सीतारामराव, सर्व्हे खात्यातून निवृत्त झालेले. सासूबाई पोंगलच्या तोंडावर गेल्या आणि तेव्हापासून मामंजींची अन्नावरची वासनाच उडाली. दोन घास, वर घोटभर ताक, की उठलेच. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं तेव्हा आम्ही डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, पण असंच चाललं तर दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल. या वयात एकदा नळी लागली की ती निघेल याची खात्री नाही, असंही म्हणाले. मामंजी समोरच बसले होते. ते घड्याळ पुन्हा मनगटावर ओढत राहिले.

मी काय करायचं बाकी ठेवलं होतं? कायरस केला, पिठलं केलं, भरली वांगी केली. आणि नुसतं करून थांबले नाही, सासूबाई उभ्या राहायच्या तशी पळी घेऊन पानासमोर उभी राहिले. आमच्या घरची रीतच ती. वाढणारीनं पानासमोरून हलायचं नाही, जेवणाऱ्याला मागायची वेळ येऊ द्यायची नाही, आणि पुरुष उठले की मग बायकांनी बसायचं. तंजावरात आमच्यासारखी मराठी घरं पिढ्यान्पिढ्या आहेत. आमच्या बोलण्यात निम्मं तमीळ शिरलं, पोरांना देवनागरी वाचता येईना, पण ही रीत मात्र जागची हलली नाही. मी ऑफिसातून मरमर करून यायची, उभी राहायची. मामंजी पानाकडे बघायचे, मग माझ्याकडे बघायचे, आणि म्हणायचे, "पुरे." मला वाटायचं, तू सासूबाईंच्या पासंगालाही पुरणार नाहीस, हेच म्हणतायत हे. तळपायाची आग मस्तकाला जायची.

मग माझ्या मनानं घेतलं की यांना बाहेर न्यायचं.

"बाहेर?" आमचे हे, वेंकटेश, म्हणाले. "अप्पांनी जन्मात बाहेरचं पाणी प्यायलेलं नाही. भलतंच काहीतरी तुझं."

यांना काय सांगणार? माझी नोकरी ओरत्तनाडूच्या तालुका ऑफिसात. रोजची बस. बसस्टँडापासून घरापर्यंत वाटेत जेवढ्या गाड्या लागतात, त्या सगळ्यांचं मी खाल्लेलं आहे. बोंडे, वाटाणा सुंडल, पोडी इडली. पदरानं तोंड पुसून साळसूद चेहऱ्यानं घरात शिरायचं, इतकंच. बाहेरच्या खाण्यात काय जादू असते ते आमच्या घरात एकटीला मला ठाऊक होतं.

आश्चर्य म्हणजे मामंजी नाही म्हणाले नाहीत. शर्ट चढवून ऑटोत बसले. नळीला भ्याले असावेत.

आधी एका मेसमध्ये नेलं. केळीचं पान, वाफाळता भात, आणि रसम असं की वासानंच डोळ्यात पाणी यावं. वाढपी बादली घेऊन मामंजींसमोर उभा राहिला, अगदी आदरानं, वाकून. यांनी पान मिटलं. दुसऱ्या दिवशी कालव्याच्या कडेला एक जण इडियप्पम, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या शेवया, विकतो तिथे. साच्यातून ते पांढरं सूत सुटताना बघावं, मी तर दर वेळी खुळ्यासारखी बघत राहते. मामंजींनी ताटली हातात धरली, निवेपर्यंत धरली, आणि मला परत दिली. मी ती दातओठ खात संपवली.

शेवटी मेडिकल कॉलेज रोडवर अखिलाच्या गाडीपाशी नेलं. ही गाडी म्हणजे जुनी व्हॅन, एक बाजू वर उचलून केलेलं दुकान, आत दाराएवढा लांब तवा. अखिला एकटीच सगळं बघते. आडव्या बांध्याची बाई, केसात मोगरा, कपाळावर घाम. वाटीनं पीठ ओतते आणि मनगट फिरवते, आणि दोसा असा पसरतो की जणू तो आधीपासून तिथेच होता, हिनं फक्त दाखवला. एक होईतो दुसरा, दुसरा होईतो चौथा. समोर नर्सा, कॉलेजची पोरं, एक पोलीस इन्स्पेक्टर, सगळे ताटलीची वाट बघत. मामंजींसाठी मी एक प्लास्टिकचं स्टूल मिळवलं. ते बसले आणि बघू लागले. आमचा नंबर यायला वेळ होता.

आणि मधेच अखिलानं गॅस बारीक केला. तव्यावरचा सगळ्यात देखणा दोसा तिनं उचलला. मला वाटलं, इन्स्पेक्टरसाहेबांना. तर नाही. स्वतःच्या स्टीलच्या ताटात घेतला, त्यावर पोडी, म्हणजे डाळीची तिखट चटणी भुरभुरली, वर तिळाच्या तेलाची धार सोडली, आणि व्हॅनच्या पायरीवर बसून खायला लागली. एवढ्या लोकांसमोर.

"काय अक्का, आम्ही उभे आहोत," एक पोरगा तमीळमध्ये म्हणाला.

"मला भूक लागलीय," अखिला म्हणाली. "गरम आहे तोवर खाते. मग तुमचं."

आणि सगळे थांबले. इन्स्पेक्टरसुद्धा. कुणी फोन काढला, कुणी रस्त्याकडे बघत राहिलं. ती सावकाश खात होती. कुरकुरीत तुकडा मोडायची, पोडीत बुडवायची, डोळे मिटून चावायची. मी इतकी वर्षं गाड्यांवर खाते, पण करणाऱ्या बाईला असं जेवताना मी कधी बघितलं नव्हतं. मला तिच्यावरून नजर काढवेना.

मामंजी आता चिडणार, ही कसली रीत म्हणणार, असं वाटून मी त्यांच्याकडे वळले. ते आ वासून बघत होते.

"सुंदरी," ते म्हणाले, "ती गरम खातेय."

"दोसा गरमच खातात, मामंजी."

"विजयालक्ष्मीनं कधी गरम खाल्लं असेल?"

सासूबाईंचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"जन्मभर माझ्यासमोर पळी घेऊन उभी राहिली," ते म्हणाले. "ती जेवते कशी, मला माहीत नाही. दवाखान्यात नर्सनं विचारलं, यांना काय आवडतं, तेवढं तरी भरवून बघू. मला सांगता येईना. बाजूच्या कॉटवरचा माणूस बायकोचं भराभर सांगत होता." त्यांनी चष्मा काढला. "आणि आता तू उभी राहतेस. कसा उतरायचा घास?"

माझ्या तोंडात कुणीतरी मारल्यासारखं झालं. इतके दिवस मी रागानं अजूनच ताठ उभी राहत होते, अजून एक पळी वाढत होते. त्यांच्या "पुरे"चा अर्थ मला आत्ता कळत होता आणि रडू आवरत नव्हतं.

अखिलानं हात धुतले, गॅस मोठा केला. आमचा नंबर आला. दोसा घेऊन मी मामंजींपाशी आले तर ते स्टुलावरून उठलेले.

"तू बस," म्हणाले.

"चक्कर येईल तुम्हाला."

"बस म्हणतो ना."

बसले. काय करते? एका हातानं व्हॅनची कड पकडून मामंजी माझ्यासमोर उभे राहिले. दुसऱ्या हातानं त्यांनी फळीवरची चटणीची वाटी उचलली आणि मला वाढली. त्या माणसाला वाढता कुठे येतंय? अर्धी वाटी ताटलीत उपडी झाली, थोडी माझ्या साडीवर सांडली. अखिला तवा सोडून बघायला लागली. मी "पुरे, पुरे" म्हणत राहिले.

"खा. गरम आहे तोवर खा," ते म्हणाले.

खाल्ला. त्यांच्या डोळ्यांसमोर, एकेक घास. समोर कुणी उभं राहून बघत असलं की गिळणं किती अवघड जातं, तेही समजलं. तरी तो दोसा असा होता की माझा हात थांबेना. कडेला जाळी पडलेली, मधे लुसलुशीत, तेल आणि पोडी जिभेवर चुरचुरतेय. मामंजी माझ्या हाताकडे, तोंडाकडे बघत होते, देवळात मूर्तीकडे बघावं तसे.

"यातलं काय आवडतं तुला?" त्यांनी विचारलं.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून मला हे कुणी विचारलेलं नव्हतं.

"कड," मी म्हणाले. "कुरकुरीत कड."

त्यांनी मान हलवली. मग अखिलाकडे वळून तमीळमध्ये म्हणाले, अम्मा, मला एक द्या, कड चांगली कुरकुरीत होऊ द्या. तिनं दुसरं स्टूल सरकवलं. ते माझ्या शेजारी बसले, ताटली मांडीवर घेतली, दोशाभोवती पाणी फिरवलं. मग दोशाची सगळी कड गोल मोडून माझ्या ताटलीत ठेवली आणि उरलेला दोसा शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला.