ग्रहण बघायची फिल्म

सखारामला ग्रहणाचा मनस्वी राग, आणि का नसावा? गावी ग्रहण लागलं की त्याचा बाप 'दे दान, सुटे गिराण' ओरडत दारोदार फिरायचा. लोक अंग चोरून वरूनच जुनेर टाकायचे. पुढे धम्म घेतला, सखाराम डोंबिवलीला येऊन केमिकल कंपनीत लागला, तरी बापाची ती हाळी कानातून जाईना. म्हणून ऐंशी सालच्या ग्रहणाला सगळी चाळ दारं लावून बसली, तेव्हा हा पठ्ठ्या अंगणात स्टूल टाकून भजी खात बसला.

"अरे या बाहेर! कसला राहू नि कसला केतू! चंद्राची सावली आहे नुसती."

कोण येतंय! त्याची लेक शालन तेवढी आली. बापाला एकटं कसं बसू द्यायचं? सखारामने तिच्या हातात तिच्या आईच्या छातीच्या एक्स-रेची फिल्म दिली. काळ्या भागातून सूर्य धड दिसेना, म्हणून शालनने मधला फिकट भाग धरला, डावा डोळा मिटला आणि आबा पुरे म्हणेपर्यंत बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी उजव्या डोळ्यापुढे मधोमध कोयतीसारखा डाग. त्या डोळ्याने समोरच्या माणसाचे कान दिसत, तोंड दिसत नसे. डॉक्टर म्हणाले, सूर्याच्या किरणांनी आतला पडदा भाजलाय. तिथे दुखत नाही, आणि त्याला औषधही नाही. ती औषधाच्या कंपनीत इंजेक्शनच्या बाटल्या दिव्यासमोर धरून कचरा तपासायची. ते काम गेलं, लेबलं चिकटवायला बसवलं. घरी तिने बदली झाली म्हणून सांगितलं. रडूही आलं नाही तिला. आत सगळं बधिर झालेलं, आणि ते तसंच राहिलं.

बापाला खरं सांगायला ती गेलीही होती. पण दारात शेजारची रंभामावशी विचारत होती, "बाधलं नाही ना गं काही?" आणि सखाराम छाती काढून म्हणाला, "बघा की माझी पोरगी! ठणठणीत आहे!" शालन हसली. मग काय सांगणार, कपाळ?

पंच्याण्णव साली पुन्हा ग्रहण आलं. लग्न होऊन कल्याणला गेलेली शालन आदल्या दिवशीच मुद्दाम आलेली. या खेपेला निम्मी चाळ अंगणात होती. माझ्या शालनचं काय वाकडं झालं, असं म्हातारा इतकी वर्षं सांगत आलेला, त्याला यश आलं होतं. जुनी फिल्म कापून त्याने पोरांना तुकडे वाटले. रंभामावशीच्या नातीने, उत्तराने, तुकडा डोळ्याला लावला.

शालनने तो हिसकावला. मग सगळ्यांचे काढून घेतले.

"अगं, वेड लागलं काय तुला?" सखाराम ओरडला.

"आबा, माझा उजवा डोळा गेलाय. मागच्या ग्रहणालाच. याच फिल्ममधून."

रंभामावशीने उत्तराला पोटाशी ओढलं.

"मग मला बोलली का नाहीस?" म्हाताऱ्याने विचारलं.

"बोलले असते तर पुन्हा कुणाला ग्रहणात बाहेर या म्हणाला असतात का तुम्ही?"

सखाराम उठला, खोलीत गेला. आतून कडी घातल्याचं सगळ्यांनी ऐकलं. ग्रहणात त्या दाराला जन्मात कधी कडी लागली नव्हती.

"तरी मी म्हणत होते, ग्रहण बाधतं," रंभामावशी पुटपुटली. बायका पोरांना घेऊन निघाल्या.

"थांबा. ग्रहण नाही, ऊन बाधलं," शालन म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. तिने पिठाची चाळणी आणून उन्हात धरली. भोकाभोकातून उतरलेल्या, ग्रासलेल्या सूर्याच्या शेकडो कोयत्या भिंतीवर उमटल्या. पोरं सूर्याकडे पाठ करून बघत राहिली, बायकाही थांबल्या. शालननेही बघितलं. तिच्या डोळ्यातला डाग अगदी तसाच होता.

मग तिने चाळणी उत्तराकडे दिली आणि बापाच्या दारावर थाप मारली.

"आबा, कडी काढा. लोक थांबलेत."