बारतोंडीचा लाल

माझा भाऊ उंबू मेहांग वारला, तेव्हा आमच्या सुंबा बेटावरच्या रिवाजाप्रमाणे त्याला पुरायच्या दिवसापर्यंत गुडघे मुडपून, कापडांत गुंडाळून घरातच बसवलं. वरचं शेवटचं कापड तेवढं बाकी होतं, आणि त्याला लाल रंग नव्हता. हा रंग निघतो बारतोंडीच्या मुळ्यांतून, आणि डोंगरातल्या मुळ्या खणून खणून संपल्या. दारातलं बारतोंडीचं झाड वादळात उन्मळलं. त्याच्या मुळाचा तुकडा भावाच्या लेकीनं, पाकीनं, समुद्रापलीकडच्या कुपांग शहरात नेला होता. ती तिथल्या प्रयोगशाळेत काम करते. म्हणून मी बोटीत बसले.

पाकीनं मला बाटल्या दाखवल्या. आत पातळ पाणी आणि पांढरे गोळे.

"हे काय गं, भाताची पेज?"

"आत्या, हेच आपलं झाड. त्याच्या पेशी आहेत या."

"लाल कुठाय?"

"भरपूर खायला आणि वाढीचं औषध मिळतंय तोवर त्या नुसत्या वाढतात, एकीच्या दोन होतात. औषध काढलं की वाढ मंदावते, मग रंग धरतात. दोन्ही एकदम होत नाही त्यांच्याच्यानं."

"मग काढ की! बाप बसलाय तुझा तिकडे."

"काढलंय. या पांढऱ्यांचं कालच. आणि त्यांचं गेल्या आठवड्यात."

पलीकडच्या फळीवरच्या बाटल्या पिवळ्या होऊन कडेनं लालावत होत्या. मला भरून आलं.

"कापडाला पुरेल?"

"सगळं मिळून जेमतेम."

"मग तोंड का पाडलंस?"

"रंगलेल्या पुन्हा धड वाढत नाहीत, आत्या. सगळ्या वापरल्या, की झाड संपलं."

मी जन्मभर रंग केला. मुळी खणली तरी मागं झाड उभं असायचं. उरलेल्या मुळांवर ते पुन्हा सावरायचं. इथं मागं काहीच नव्हतं. होतं ते सगळं या दोन फळ्यांवर. पुढच्या मेलेल्याला काय पांघरायचं, असं मनात आलं, आणि तो पुढचा माणूस बहुधा मीच.

"पांढऱ्यांना परत खायला घातलंस तर?"

"कदाचित वाढतील. पण बाबांना थांबावं लागेल. काकांनी पुरायचा दिवस धरलाय."

"तुझ्या बापाला घाई आहे?"

"त्यांना कसली! जिवंतपणी तरी कधी वेळेवर निघाले?" ती हसली, आणि मग डोळे पुसत बसली.

तिनं पांढरे गोळे पुन्हा औषधाच्या पाण्यात घातले. मी धाकट्या भावाला, रेमीला, फोन लावला.

"दिवस पुढे ढकल."

"डोकं फिरलंय का तुझं, ताई? कापायच्या म्हशीसुद्धा ठरल्या! पाव्हण्यांना काय सांगू?"

"सांग, रंग अजून व्हायचाय."

"केव्हा होणार?"

मी पाकीकडे पाहिलं. तिनं खांदे उडवले. परत वाढतील की नाही, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

"ठाऊक नाही," मी म्हटलं, "पण मी इथंच थांबते."